आरव्ही-७ च्या पंखांसाठी घोड्या आणि हत्यारं: प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जून २०१९

५ जानेवारी २०१९, शनिवार

जागा: डॅलसजवळ दोन गाड्यांचं गॅरेज, आतून २० बाय २० फूट. आरव्ही-७ हे सुट्या भागांच्या संचातून, म्हणजे किटमधून, घरी बांधायचं छोटं विमान. ऑरेगनमधल्या ऑरोराहून व्हॅन्स कंपनीचं पंखांचं किट फेब्रुवारीत यायचं आहे. ते यायच्या आत टेबलं, घोड्या (बांधताना पंख धरून ठेवणारे आधार) आणि हत्यारं तयार हवीत. पेटी उघडल्यावर घोडी करायला घेतली की ती घाईत होते, आणि घाईतली घोडी पुढे प्रत्येक मापात आडवी येते.

लाकूड कापायच्या आधी एकच प्रश्न सोडवायचा: तयार पंख बाहेर कसा निघणार? आरव्ही-७ चा एक पंख टोकाची टोपी सोडून साडेनऊ फुटांच्या आसपास लांब आहे आणि कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) ५८ इंच, म्हणजे पाच फुटांना दोन इंच कमी. १६ फूट रुंद दारातून तो आरामात जातो. दार अरुंद असेल तर हा हिशोब आजच करावा लागतो. कांदिवलीला अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं आणि २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मुंबईकरांनी पाहिलं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. जागा कुठलीही चालते. वाट मात्र आधी ठरवावी लागते.

फरशीचा उतार मापला. लांब पारदर्शक नळी, त्यात रंगीत पाणी, गवंड्याची जुनी पद्धत. आतल्या भिंतीपासून दारापर्यंत पावणेदोन इंच उतार निघाला. गॅरेजमध्ये पाणी बाहेर जावं म्हणून तो मुद्दाम ठेवलेला असतो. म्हणून घोडीचे दोन्ही खांब दाराला समांतर रेषेत घ्यायचं ठरवलं. तसं केलं की दोन खांबांच्या पायांत फक्त १/८ इंचाचा, म्हणजे एक सुताचा फरक उरतो. उताराच्या दिशेने उभे केले असते तर इंचभर पाचरी घालाव्या लागल्या असत्या.

६ जानेवारी, रविवार

दोन टेबलं. ईएए या हौशी विमानवाल्यांच्या संघटनेच्या १००० नंबरच्या शाखेचा (चॅप्टर १०००) आराखडा अमेरिकेत विमान बांधणारे बहुतेक जण वापरतात: २४ बाय ६० इंच, खाली फळी, वर जाड बोर्ड. रुंदी २४ इंचच ठेवायची, कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. मोठं एकच टेबल केलं की त्याच्या मध्यावरचं काम नेहमी वाकून होतं. दोन टेबलं शेजारी लावली तर मोठा पत्रा पसरता येतो, दूर केली तर मध्ये डिंपलचं यंत्र बसतं (डिंपल म्हणजे रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसावं म्हणून भोकाभोवती दाबून पाडलेला खोलगा).

वरचा बोर्ड ३/४ इंची एमडीएफ. प्लायवुड महाग पडतो म्हणून नव्हे, तर एमडीएफ जास्त सपाट असतो म्हणून. पायांना उंची कमी-जास्त करणारे बोल्ट लावले. एका टेबलात पोलादी बॅक-रिव्हेट प्लेट (रिव्हेट मागून ठोकताना त्याच्या डोक्याखाली आधार देणारी) बोर्डाच्या पातळीत बसवली. प्लेटवर सरळ पट्टी आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहिलं. कागदाच्या जाडीएवढी जरी वर राहिली तरी पत्रा तिथे उचलला जातो आणि शेजारच्या रिव्हेटभोवती खोलगट डाग पडतो.

१२ जानेवारी, शनिवार

लाकूड निवडायला सबंध सकाळ गेली. घोडीचे खांब ४ बाय ४ चे (प्रत्यक्षात साडेतीन इंच चौरस), भट्टीत वाळवलेलं डग्लस फर. दुकानात शेजारीच हिरवट रंगाचं, वाळवी लागू नये म्हणून प्रक्रिया केलेलं लाकूड होतं, स्वस्त आणि मजबूत. ते दोन कारणांनी घेऊ नये. एक, ते ओलं असतं आणि महिन्याभरात वाळताना पिळतं. खांब पिळला की पंख पिळतो. दुसरं जास्त महत्त्वाचं: त्या प्रक्रियेत तांब्याची संयुगं असतात, आणि दमट हवेत ॲल्युमिनियम त्यांना टेकलं की गंजतं. स्पार (पंखाची लांबीभर जाणारी तुळई) महिनोन् महिने या लाकडाशेजारी राहणार आहे.

खांब जमिनीवर ठेवून टोकाकडून एक डोळा मिटून पाहायचा. बाक थोडा असला तर चालतो, पीळ चालत नाही. आठ खांब उलटेपालटे केले तेव्हा दोन मिळाले.

१३ जानेवारी, रविवार

खांब उभे केले. नेहमीची रीत म्हणजे काँक्रीटमध्ये भोक पाडून अँकर बोल्टने पाया पक्का करायचा. इथे ते केलं नाही. टेक्सासच्या फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चिकणमातीमुळे इथल्या बऱ्याच घरांच्या फरशीत ताणलेल्या पोलादी तारा असतात, आणि या गॅरेजच्या दाराशी तसा शिक्का मारलेला आहे. ड्रिल त्या तारेला लागलं तर धोका जिवाशी येतो. फरशी भाड्याची असो वा स्वतःची, भोक पाडण्याआधी हा शिक्का शोधावाच.

त्याऐवजी प्रत्येक खांबाला खाली ३/४ इंची प्लायचा २४ इंच चौरस पाय, चारी बाजूंनी तिरके आधार, आणि वर छताच्या तुळईला पोलादी ब्रॅकेट. खांब ओळंब्यात आणल्यावर पायाच्या कडेने गाडीच्या डेंटिंगला वापरतात ती पुट्टी भरली. ती वीस मिनिटांत दगडासारखी होते, पाय हलू देत नाही आणि काम संपल्यावर पटाशीने सुटते.

खांबांना आडवे हात: २ बाय २ इंची पोलादी अँगल, ३/८ च्या लॅग बोल्टने. दोन्ही पंख एकाच जोडीवर, खांबांच्या दोन बाजूंना. दोन पंखांमधली मोकळी जागा २८ इंच ठेवली. बऱ्याच घोड्यांत ती १६-१८ इंच असते आणि तिथेच पुढे अडतं: रिव्हेट मारताना एक माणूस बाहेर ठोके देणारी हवेची गन घेऊन आणि दुसरा आत, रिव्हेटच्या मागे टेकवायचा जड बार धरून उभा राहायचा असतो. अठरा इंचांत बार धरणारा तिरका उभा राहतो, बार तिरका होतो, आणि रिव्हेटचं शेपूट (बारवर ठेचून चपटं होणारं टोक) एका बाजूला लवंडतं.

उंची: पंख घोडीवर उभा राहतो, मुख्य स्पार वर आणि मागचा स्पार खाली. मागचा स्पार जमिनीपासून २० इंचांवर घेतला. मग मुख्य स्पार साधारण छातीशी येतो आणि बसून-उभं राहून सगळीकडे हात पोचतो.

१९ जानेवारी, शनिवार

हत्यारांची यादी. आमचा नियम एकच: जे रिव्हेटला किंवा भोकाला टेकतं त्यावर पैसे घालायचे. जे टेकत नाही त्यात काटकसर करायची.

गन ३एक्स मापाची घेतली. २एक्स हलकी आहे आणि ३/३२ इंच व्यासाच्या रिव्हेटला पुरते, पण मागच्या स्पारवर १/८ चे रिव्हेट आहेत आणि तिथे ती दमते. रिव्हेट जास्त ठोके घेत बसला की तडकायच्या बेताला येतो. म्हणून मोठी गन, कमी दाब. गनच्या मुळाशी छोटा रेग्युलेटर हवाच. भिंतीवरच्या रेग्युलेटरने बारीक फेरफार जमत नाही. फ्लश सेट (रिव्हेटच्या डोक्यावर टेकणारं गनचं सपाट टोक) फिरता, रबरी कडेचा. साधा सपाट सेट जरा कलला की त्याची धार पत्र्यात चंद्रकोर उमटवते.

बकिंग बार टंगस्टनचा. त्याची घनता पोलादाच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे रिबच्या (पंखाला आकार देणाऱ्या फासळीच्या) कोनात मावणारा लहानसा तुकडाही पुरेसा जड असतो. पोलादी बार तेवढ्या वजनाचा घ्यावा तर तो आत शिरत नाही. महाग आहे. पण शेपटं एकसारखी येतात, आणि पंखात रिव्हेट हजारोंनी असतात. दुसरा एक पोलादी बार मोकळ्या जागांसाठी पुरतो.

न्यूमॅटिक स्क्वीझर (रिव्हेट दाबून बसवणारा हवेचा चिमटा), ३ इंची योक (त्याचा जबडा) आणि अरुंद जागेसाठी नो-होल योक. जिथे स्क्वीझर पोचतो तिथे गन वापरायची नाही. दाबलेला रिव्हेट प्रत्येक वेळी सारखा येतो आणि त्याला दुसरा माणूस लागत नाही. रिबच्या कडा आणि मागचा स्पार बराचसा स्क्वीझरने होतो.

डिंपलसाठी सी-फ्रेम आणि हातोडा, की तरफेचं डीआरडीटी-२? तरफेचं घेतलं. हातोड्याचा मुख्य धोका असा: वरच्या डायची टोचणी भोकात बसलेली नसताना ठोका पडला की शेजारी दुसरं भोक पडतं आणि आठाचा आकडा तयार होतो. पंखाच्या मोठ्या पत्र्यावर हे झालं की पत्रा बदलावा लागतो. तरफ ओढताना टोचणी बसली की नाही ते दिसतं आणि हाताला जाणवतं. शिवाय आवाज नाही. रात्री नऊनंतर शेजाऱ्यांना त्रास न देता काम होतं. डाय मात्र उत्तम कंपनीचेच. स्वस्त डायच्या कडा बोथट असतात आणि डिंपलभोवती पत्रा बशीसारखा दबतो.

२० जानेवारी, रविवार

उरलेलं सामान झपाट्याने.

क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिना): ३/३२ चे रुपेरी ६००, १/८ चे तांबूस १५०. कमी घेतले की एका पंखातले काढून दुसऱ्यात लावत बसावं लागतं. जुने घेतले तर प्रत्येकाचं स्प्रिंग दाबून पाहायचं. वाकड्या सुया भोक रुंद करतात. ड्रिलचे बिट ४० नंबर (०.०९८ इंच) आणि ३० नंबर (०.१२८५) डझनाने, १२ नंबर थोडे. बोथट बिट भोक पाडत नाही, पत्रा ढकलतो आणि दोन पत्र्यांमध्ये बर (भोकाच्या कडेची धारदार खरखर) भरतो. हवेवर चालणारा ड्रिल हलका आणि वेगवान. बॅटरीचा फक्त बर काढायला, हळू गतीवर. मायक्रोस्टॉप काउंटरसिंक (भोकाच्या तोंडाशी ठरावीक खोलीचा शंकूसारखा खड्डा कापणारं हत्यार). फ्लूटिंग पकड. रिव्हेट गेज. पत्र्याची कड किंचित वळवायचं रोलर, म्हणजे एकावर एक येणाऱ्या पत्र्याची धार उचलली जात नाही. बेंच ग्राइंडरवर ६ इंची स्कॉचब्राइट चाक. कडांचं काम त्याच्याइतकं चांगलं दुसऱ्या कशाने होत नाही.

कंप्रेसर ९० पीएसआय दाबावर मिनिटाला निदान ५ घनफूट (सीएफएम) हवा देणारा. लहान टाकीचा कंप्रेसर रिव्हेट मारायला पुरतो, हवेच्या ड्रिलला नाही. पाइप आधी खाली उतरवून तिथे पाण्याचा सापळा, मग वर. डॅलसच्या उन्हाळ्यात टाकीतून कपभर पाणी सहज निघतं.

कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा दोघांनाही. बार धरणाऱ्याला विशेषतः, कारण त्याचं डोकं ढोलाच्या आत असतं.

२६ जानेवारी, शनिवार

रद्दी पत्र्यावर सराव आणि मापं. रिव्हेटची लांबी काढायची रीत: पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाच्या दीडपट. ०.०३२ चा पत्रा आणि ०.०२५ ची पट्टी धरली तर जाडी ०.०५७, ३/३२ च्या रिव्हेटला त्यात ०.१४१ मिळवायचे, झाले ०.१९८. लांबी १/१६ इंचाच्या भागांत मोजतात, तर हे ३.२ भाग. मग एएन४२६एडी३-३.५ घ्यायचा (३ म्हणजे व्यास ३/३२, ३.५ म्हणजे लांबीचे भाग). आखूड घेतला की शेपूट बारीक राहतं, लांब घेतला की लवंडतं.

चांगलं शेपूट: व्यास मूळच्या दीडपट, उंची निम्मी. ३/३२ ला ०.१४१ आणि ०.०४७. हे गेजवर दहा वेळा बघितलं की पुढे नजरच सांगते. गनचा दाब ३/३२ साठी ३५-४० पीएसआयपासून सुरू केला. चार ते सहा ठोक्यांच्या कालावधीत काम व्हावं. जास्त वेळ लागत असेल तर दाब वाढवायचा, ट्रिगर लांबवायचा नाही.

क्रम पाठ करायचा: गन आधी दाबून धरा, बारवाल्याने ‘तयार’ म्हटलं की ट्रिगर, ट्रिगर सोडा, आणि मगच गन उचला. चंद्रकोरी बहुतेक शेवटच्या पायरीत पडतात, हात उचलत असताना बोट अजून दाबलेलं असतं म्हणून.

बिघडलेला रिव्हेट काढणं हाही सरावाचा भाग. डोक्याच्या मधोमध ४० नंबरने फक्त डोक्याच्या जाडीइतकं भोक, पंचने डोकं मोडायचं, मग मागून आधार देऊन दांडी ढकलायची. या एडी जातीच्या रिव्हेटच्या डोक्यावर मध्ये खळगा असतो, तो बिटला वाट दाखवतो. फ्लश रिव्हेट पातळ पत्र्यात बिघडला आणि शेपूट फारसं वाईट नसलं, तर तो तसाच ठेवणं कित्येकदा शहाणपणाचं: काढताना भोक मोठं झालं तर नुकसान दुप्पट.

१६ फेब्रुवारी, शनिवार

पेट्या आल्या. यादीप्रमाणे एकेक नग तपासला. लहान पिशव्यांतले रिव्हेट वजनावर. मुख्य स्पार कारखान्यातून जोडूनच येतो, सोनेरी ॲनोडाइझ केलेला (गंजू नये म्हणून वर थर चढवलेला). तो टेबलावर ठेवताना खाली गालिच्याची पट्टी, आणि हातातली अंगठी-घड्याळ काढून. मुळाकडे बोल्टची मोठी भोकं अगदी अचूक मापाची आहेत. त्यांतून काहीही घालायचं नाही, घोडीवर टांगायलासुद्धा नाही.

२३ फेब्रुवारी, शनिवार

रिबचं काम, दोन शनिवार. दाबून केलेल्या रिबची कड ९० अंशांत नसते आणि रिब स्वतः केळ्यासारखी वाकलेली असते, कारण वळलेल्या कडेवर धातू जास्त साचतो. आधी लाकडी ठोकळ्याने कड गुण्यात आणायची. मग भोकांच्या मधोमध फ्लूटिंग पकडीने चिमटे घ्यायचे; चिमट्यात जास्तीची लांबी जिरते आणि रिब सरळ होते. भोकांची ओळ पोलादी पट्टीशी जुळली की थांबायचं. चिमटा भोकावर घेतला तर तिथे रिव्हेट बसत नाही.

ही पायरी टाळून क्लेकोच्या जोरावर वाकडी रिब ओढून बसवता येते. पण मग ती ओढ सांगाड्यात कायमची राहते.

२ मार्च, शनिवार

मुख्य स्पारच्या कडेवर काउंटरसिंक. इथे चूक झाली की सबंध स्पार जातो, म्हणून आधी तुकड्यावर. रिव्हेटचं डोकं पातळीत बसेल इतकं खोल करून भागत नाही, कारण इथे रिव्हेट नव्हे तर डिंपल केलेला पत्रा बसणार आहे. डोक्याच्या पातळीहून साधारण ७ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) खोल लागतं. डिंपल केलेला पत्र्याचा तुकडा हातात ठेवला, एकेक खाच मायक्रोस्टॉपवर वाढवत गेलो, आणि तुकडा डगमगल्याशिवाय बसला तिथे कुलूप लावलं.

मायक्रोस्टॉपचा पिंजरा एका हाताने घट्ट धरायचा. तो फिरला की ॲनोडाइझवर गोल ओरखडा येतो. टोचणी भोकात सैल झाली तर कटर थरथरतो आणि खड्डा अष्टकोनी होतो. तेव्हा मागे एक पट्टी क्लॅम्प करून टोचणीला वाट द्यायची. शेवटी उघड्या पडलेल्या प्रत्येक खड्ड्यात कापसाच्या काडीने प्रायमरचा ठिपका.

९ मार्च, शनिवार

डावा सांगाडा घोडीवर. मुळाकडचा स्पार गालिचा लावलेल्या हातावर टेकवून क्लॅम्पने धरला. टोकाकडे शेवटच्या रिबच्या टूलिंग भोकांतून (रिब घडवताना कारखान्यात ठेवलेल्या) अँगलला बोल्ट. मागच्या स्पारखाली मध्यावर एक आधार, ज्याचा बोल्ट फिरवून उंची बदलते.

आता या घोडीचं खरं काम. जुन्या किटमध्ये भोकं नसत, आणि पंख सरळ करायचं काम घोडीच करत असे. आरव्ही-७ मध्ये भोकं कारखान्यात पाडलेली आहेत, पत्र्यांची आणि रिबची भोकं जुळली की पंखाला बहुतेक सरळच व्हावं लागतं. इथे घोडीला सरळ करायचं काही उरत नाही, सांगाड्याला जबरदस्ती मात्र करायची नाही. तरीही मापायचंच, कारण सांगाडा उघडा असतो तोवर हाताने पिळता येतो, आणि पुढचा नाकाचा पत्रा व मग वर-खालचे पत्रे बंद झाले की पेटी तयार होते. पेटीत अडकलेला पीळ नंतर कुणी काढू शकत नाही. विमान उडताना एक पंख जड वाटतो आणि मग एलरॉनच्या (पंखाच्या मागच्या हलत्या झडपेच्या) मागच्या कडेशी खटपट करत बसावं लागतं.

या पंखाला मुळापासून टोकापर्यंत कॉर्ड एकच आणि मुद्दाम दिलेला पीळ शून्य. त्यामुळे तपासणी सोपी: मुख्य स्पारच्या वरच्या कडेवरून दोन्ही टोकांना ओळंबे सोडायचे आणि दोरीपासून मागच्या स्पारपर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं यायला हवं.

ओळंबा तेलाच्या डब्यात बुडवला. नाहीतर दाराच्या फटीतून येणाऱ्या झुळकेनेही तो तासभर डुलत राहतो. तेलात शंकू तीन-चार हेलकाव्यांत मंदावतो, पृष्ठभागावरची वर्तुळं डब्याच्या कडेला जाऊन विरतात, आणि दोरी अशी स्थिर होते की पोलादी पट्टीवरची रेघ तिच्या कोणत्या काठाला लागते तेही सांगता येतं. दोरी मासेमारीची, ओळंबा पितळी.

डिजिटल लेव्हलही लावली, पण भरवसा ओळंब्यावर. लेव्हलचा आकडा ०.१ अंशाने बदलतो. रिब अडीच फुटांची धरली तर ०.१ अंश म्हणजे ०.०५२ इंच, जवळजवळ अर्धा सूत. दोरीवर १/३२, म्हणजे पाव सूत सहज वाचता येतं. तो कोन ०.०६ अंश. शंभर वर्षांपूर्वीचा गवंडी जे वापरत होता तेच इथे जास्त बारीक माप देतं.

दुपारी चारला दोन्हीकडचं अंतर १/३२ च्या आत आलं. स्पारच्या कडेवरून ताणलेल्या दोरीने मधला झोकही पाहिला आणि मधला बोल्ट पाऊण फेरा वर घेतला.

१० मार्च, रविवार

सकाळी माप बदललेलं. टोकाकडचं अंतर १/१६ ने कमी, दोरीशी मागचा स्पार किंचित बाकलेला. कुणी धक्का दिलेला नव्हता.

कारण तापमान. काल दुपारी गॅरेजमध्ये २४ अंश सेल्सियस, आज सकाळी ९. ॲल्युमिनियम दर अंशाला लाखात २.३ भाग आकसतं. साडेनऊ फुटांवर १५ अंशांना जवळपास १ मिलीमीटर. लाकूड धाग्याच्या दिशेने फारसं हलत नाही. दोन्ही टोकं घट्ट आवळलेली, म्हणून आकसणाऱ्या पंखाने टोकाचा खांब आत ओढला, अँगल किंचित फिरला आणि पीळ आला.

दुरुस्ती: मुळाकडचं टोक पक्कं ठेवलं. टोकाकडच्या अँगलचं भोक कानशीने अर्धा इंच लांबट केलं, दोन्ही बाजूंना नायलॉनचे वॉशर, आणि नट फक्त हाताने आवळून वर दुसरा नट. आता पंख लांबीच्या दिशेने सरकतो, बाकी कुठे हलत नाही. दुपारी आणि रात्री दहाला परत मापलं. दोन्ही वेळा १/३२ च्या आत.

यापुढे प्रत्येक मापाशेजारी वेळ आणि तापमान लिहायचं. वहीतल्या या नोंदी आणि फोटो नंतर एफएएच्या (अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाच्या) तपासणीतही लागतात: निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलं हे त्यावरूनच दाखवायचं असतं.

२३ मार्च, शनिवार

नाकाच्या पत्र्यासाठी पाळणा. ३/४ प्लायचे दोन तुकडे, त्यांत नाकाच्या आकाराची खाच, आतून गालिचा, मध्ये पट्ट्या. खाच प्रत्यक्ष आकारापेक्षा १/४ इंच मोठी ठेवायची. तंतोतंत कापली तर रिब आत ढकलताना पत्रा पसरायला जागा मिळत नाही. रिब घालताना मधली आधी क्लेकोने धरायची, मग बाहेरच्या.

२७ एप्रिल, शनिवार

सगळे पत्रे क्लेकोवर, एकाआड एक भोक. ४० नंबरने शेवटचं भोक मारून सगळं परत सुटं केलं. बर काढणं, कडा घासणं, डिंपल, प्रायमर. मजल दरमजल असं हे काम आहे, त्याला उपाय नाही. बर काढताना बोटाने हलके दोन फेरे. जोर दिला तर पातळ पत्र्यात नकळत काउंटरसिंक होतो आणि डिंपलची कड धारदार होऊन तिथे तडा सुरू होतो. डिंपल झाल्यावर दर वीस भोकांमागे एक दहापट भिंगाखाली पाहिलं. डिंपल बरोबर झाला की नाही हे ओळखायला बॅटरीचा उजेड पत्र्यालगत आडवा टाकायचा: नीट दाबलेल्या डिंपलभोवती सावलीचं कडं बारीक आणि स्पष्ट दिसतं, अर्धवट दाबलेल्याभोवती धूसर रुंद वलय दिसतं. अकरा भोकं तशी निघाली, परत दाबली.

१८ मे, शनिवार

नाकाचा भाग स्पारवर रिव्हेट करण्याआधी ओळंबा पुन्हा सोडला, कारण पीळ अडकवणारी पहिली बंद पेटी हीच. सकाळी ७, २२ अंश. फरक १/३२ हून कमी. मग रिव्हेट. मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे; एका टोकाकडून सुरुवात केली की पत्रा पुढे ढकलला जातो आणि शेवटच्या भोकांशी फुगा येतो.

८ जून, शनिवार

डाव्या पंखाचे वरचे पत्रे पूर्ण. एक माणूस बाहेर, एक दोन पंखांच्या मधल्या जागेत. २८ इंच पुरेशी ठरली. बार पूर्ण वेळ पत्र्याला काटकोनात धरता आला. दोन पत्रे जिथे एकमेकांवर येतात तिथे चार थर होतात, रिव्हेट एक माप लांब लागतो, आणि वरची कड आधी रोलरने वळवलेली असल्यामुळे सांधा चपटा बसला. बदललेले रिव्हेट नऊ. त्यांतले सहा मागच्या स्पारजवळच्या कोपऱ्यात, जिथे टंगस्टनचा लहान बारही तिरका जातो. तिथे बारच्या कडेला टेप गुंडाळल्यावर तो रिबवरून घसरायचा थांबला.

खालचे पत्रे मुद्दाम बाकी. पिटोची (वेग मोजायची) नळी, तारांचे पाइप आणि एलरॉनचा बेलक्रँक (हालचालीची दिशा बदलणारी तरफ) आत बसवायचा आहे, आणि ईएएचा तांत्रिक सल्लागार पत्रा बंद होण्याआधी आतले रिव्हेट पाहून जाणार आहे. तोपर्यंत पंख घोडीवरच, टोकाचा नट हातानेच आवळलेला. संध्याकाळी ६, ३१ अंश: मुळाशी अंतर आणि टोकाशी अंतर यांत पाव सुताहून कमी फरक. खालचा पत्रा लावायच्या सकाळी हेच माप पुन्हा घ्यायचं, ओळंब्याचा डबा तिथेच ठेवला आहे.